वसुधाताईंचं अपील

वसुधाताई कुणाच्याही घरी गेल्या की बेल वाजवण्याआधी त्या घराची सावली बघून घ्यायच्या. ती कुंपणाच्या आत संपते की शेजाऱ्याच्या अंगणात उतरते, हे त्यांना आधी कळायला हवं असे. आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा कॅनडातल्या एडमंटनचा फेब्रुवारी ऐन भरात होता. मी किचनच्या खिडकीतून पाहिलं, तर जाडजूड पार्का कोट घातलेली एक ठेंगणी बाई बॅकयार्डच्या बर्फात उभी राहून मोजायची टेप ताणत होती. मी दार उघडलं. "तू नको येऊस थंडीत," त्या म्हणाल्या, "टेपचं दुसरं टोक धरायला नवऱ्याला पाठव."

आम्ही नुकतंच घर घेतलं होतं आणि घरामागच्या लाकडी ओट्याची, डेकची, परवानगी शहरानं, म्हणजे इथल्या महापालिकेनं, नाकारली होती. मी रडकुंडीला आले होते. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी वसुधाताईंचं नाव सांगितलं. बूट काढून त्या आत आल्या, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काहून वं, रडतेस काय? एका माणसानं नाही म्हटलं. वर अजून माणसं आहेत न!"

वरची माणसं म्हणजे अपील मंडळ. शहरानं बांधकामाला नकार दिला की तिथे दाद मागता येते. लांब टेबलामागे बसलेली चार-पाच माणसं आधी आपलं ऐकतात, मग ज्यांचा विरोध असेल त्यांचं, आणि शेवटी आपल्याला उत्तर द्यायची एक संधी देतात. नियमात थोडी सूट द्यायचा अधिकार त्यांना असतो. पण शेजाऱ्याचं त्यात नुकसान नाही, हे त्यांना पटावं लागतं. वसुधाताई आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढून रिटायर झालेल्या. फी न घेता, बिनबोभाट त्या ओळखीच्या आणि अनोळखी लोकांना या टेबलासमोर उभं राहायला शिकवायच्या. "रडायचं नाही, ओरडायचं नाही," त्या सांगायच्या. "किती फूट, कुठून कुठवर आणि बाजूच्याचं काय जातं, एवढंच बोलायचं. ती माणसं तुझ्यामाझ्यासारखीच असतात. त्यांनाही घरी जाऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा असतो."

बोलण्याआधी मात्र त्या आपल्याला शेजारीपाजारी दारोदार पाठवायच्या, हातात नकाशा देऊन. मला तर या गोष्टीची भयंकर लाज वाटली होती. पलीकडच्या युक्रेनियन म्हाताऱ्यानं डेकच्या पायऱ्या त्याच्या बाजूला नकोत म्हटलं, वसुधाताईंनी त्याच्यासमोर पेन्सिलीनं पायऱ्या फिरवल्या आणि आमचं अपील मंजूर झालं. "कागदावरची रेघ हलवायला काही लागत नाही," त्या म्हणाल्या. "भिंत उभी राहिल्यावर ती हलत नाही."

तेव्हापासून माझं त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. त्या मूळच्या अमरावतीच्या. एरवी शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या किंवा फार खूश झाल्या की वऱ्हाडी बाहेर यायची. त्यांचे यजमान अरविंदराव युनिव्हर्सिटीत गणित शिकवून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांना पार्किन्सन्स होता. हात थरथरायचे, पाऊल उचलायला वेळ लागायचा. आणि घर असं की, दारातून आत आलं की अर्धा जिना वर, अर्धा जिना खाली. बाथरूमला जायचं तरी पायऱ्या. अरविंदराव कठड्याला धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "वसुधा, आज वर जाऊ की उद्या?" मग दोघंही हसायची.

त्यांच्या शेजारी शशांक राहायचा. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, हसरा, तोंडात सतत "ताई, ताई". त्याच्या बेसमेंट स्वीटला, म्हणजे तळघरात भाडेकरू ठेवायला, शहरानं नकार दिला होता. रस्त्यावरच्या बऱ्याच जणांचा पार्किंगवरून विरोध होता. वसुधाताईंनी त्याच्यासाठी पूर्ण उन्हाळा घालवला. फोटो कसे काढायचे, कुठल्या कोनातून काढायचे, आक्षेप घेणाऱ्याचं म्हणणं कसं मोजून दाखवायचं, हे सगळं त्यांनी त्याला शिकवलं. अपील मंजूर झालं त्या दिवशी शशांक त्यांच्या पाया पडला होता. त्याची मुलगी रिया अरविंदरावांकडे गणित शिकायला यायची. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं छान जमायचं.

मग वसुधाताईंनी स्वतःसाठी अर्ज केला. बॅकयार्डात एकाच मजल्याचं छोटं घर, रुंद दारांचं, एकही पायरी नसलेलं. पुढचं घर भाड्यानं द्यायचं आणि दोघांनी मागे राहायचं. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. अरविंदरावांची खुर्ची खिडकीशी कुठे येईल, हेसुद्धा त्यात होतं. प्लॉट लहान पडत होता, म्हणून शहरानं नकार दिला. वसुधाताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. नकाराची त्यांना सवय होती.

त्या नकाशा घेऊन शशांककडे गेल्या तेव्हा मी बरोबर होते. मृणालनं, त्याच्या बायकोनं, चहा केला होता. वसुधाताईंनी नकाशा टेबलावर पसरला. "हे बघ शशांक, हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावली थोडी तुझ्याकडे येईल. अडचण असेल तर आत्ता सांग. मी घर तिकडे सरकवते."

"छे हो ताई," तो म्हणाला. "काहीही काय! तुमच्यासाठी एवढं पण नाही का? गो अहेड."

"नक्की?"

"हंड्रेड परसेंट."

मृणाल चहात साखर ढवळत राहिली. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

सुनावणीला वसुधाताईंना मीच घेऊन गेले. त्या व्यवस्थित बोलल्या. फूट, अंतर, उंची, नवऱ्याचं दुखणं दोन वाक्यांत, बस्स. अध्यक्षबाई मान डोलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, कुणाचा विरोध आहे का? मागच्या रांगेतून शशांक उठला.

आधी मला वाटलं, तो पाठिंबा द्यायला आलाय आणि चुकून उभा राहिला. पण त्यानं पेन ड्राइव्ह काढला. स्क्रीनवर त्याच्या बॅकयार्डचे फोटो आले, हिवाळ्यातले. प्रस्तावित घराच्या उंचीचे बांबू कुंपणाशी उभे करून त्यानं सावली मोजली होती. तो शांत आवाजात इंग्रजीत बोलत होता. रडला नाही, ओरडला नाही. किती फूट, कुठून कुठवर, आणि आपलं काय जातं. ऊन, मुलीची खेळायची जागा, घराची पुढची किंमत. एकेक वाक्य वसुधाताईंनी घोटून घेतल्यासारखं होतं. शेवटचा फोटो त्याच्या किचनच्या खिडकीतून घेतलेला होता. त्याच टेबलाशी आम्ही चहा प्यायलो होतो.

मी वसुधाताईंचा हात धरला.

उत्तर द्यायची वेळ आली. अध्यक्षबाईंनी विचारलं, शेजाऱ्याच्या या मोजमापांबद्दल तुम्हाला काय म्हणायचं आहे? तो आमच्यासमोर हो म्हणाला होता, हे त्या सांगू शकल्या असत्या. मी साक्षीला होते. त्या उठल्या आणि स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "त्याची मापं बरोबर आहेत. त्यानं आधी सांगितलं असतं, तर मी घर सरकवलं असतं." मंडळानं समोर असलेल्या नकाशावर निर्णय दिला. अपील फेटाळलं गेलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये शशांक मागून धावत आला. "ताई, प्लीज, पर्सनली घेऊ नका. तोंडावर नाही म्हणायला जड गेलं हो. तुम्ही एवढं केलंय आमच्यासाठी..."

वसुधाताई थांबल्या. "म्हनून असं केलं तू?" त्यांनी विचारलं. "एवढं केलं म्हनून?"

लिफ्ट आली आणि आम्ही गेलो. गाडीत त्यांनी सीटबेल्ट लावला आणि विचारलं, "आता यांना काय सांगू वं?" मी गाडी सुरू केली.

नवा नकाशा घेऊन पुन्हा अर्ज करता आला असता, पण त्यासाठी काही महिने थांबावं लागणार होतं. अरविंदरावांना तेवढी उसंत मिळाली नाही. पानगळीच्या सुमाराला ते त्याच अर्ध्या जिन्यावरून पडले आणि खुबा मोडला. हॉस्पिटलनं त्यांना घरी सोडायला नकार दिला. पायऱ्यांच्या घरात हा माणूस राहू शकत नाही, म्हणाले. शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांच्या केअर होममध्ये जागा मिळाली. वसुधाताई रोज विंटर टायर्सच्या भरवशावर निसरड्या रस्त्यानं गाडी चालवत तिकडे जायच्या. दुखण्यात अरविंदरावांचं इंग्रजी हळूहळू गेलं. जन्मभर त्या भाषेत शिकवत आलेल्या माणसाला पाणी हवंय, हे नर्सला सांगता येईना. ताई निघाल्या की ते विचारायचे, "मी पण येऊ घरी?"

महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सगळं कळलं होतं. पण शशांक ढोल पथकाचा माणूस, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. गणपतीला तो पुढे असायचाच. लोक वसुधाताईंना म्हणायचे, "ताई, सोडून द्या आता. त्यालाही त्याच्या घराचा विचार करावा लागतोच ना." ज्यांच्या डेकसाठी, गॅरेजसाठी त्या भांडल्या होत्या, तेच म्हणायचे. ताईंनी मंडळात येणं थांबवलं. अपिलासाठी फोन आला तर "मला आता त्यातलं काही जमत नाही" म्हणून त्या ठेवून द्यायच्या. मी एकदा काकुळतीनं म्हटलं, "ताई, एकामुळे सगळ्यांना का?" त्या म्हणाल्या, "सोडून द्या म्हणणाऱ्यांचं काही गेलेलं नसतं."

अरविंदराव हिवाळ्याच्या शेवटी गेले, केअर होममध्येच. ताई रस्त्यात असताना.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा बेल वाजली. दारात शशांक आणि मृणाल होते. मृणाल रडत होती. शशांकनं हात जोडले. "ताई, मला माहीत आहे, मला तोंड नाही. पण काही मदत लागली तर हक्कानं सांगा."

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. दारात आलेल्या माणसाला त्यांनी आत बोलावलं नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते. अजिबात आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "मदत नव्हती मागितली मी तुला, शशांक. खरं काय ते विचारलं होतं. तेवढं सांगितलं असतंस, तर हे माझ्याजवळ गेले असते."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. परत येऊन त्या माझ्यासमोर बसल्या आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, रडल्या. अगदी मोठ्यानं, पार अमरावतीपर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. बोलण्यासारखं त्यांनीच बोलून टाकलं होतं.

उन्हाळ्यात घर विकून त्या दूर पश्चिम किनाऱ्यावर, कोक्विटलामला, मुलीच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायला गेल्या. मी अधूनमधून फोन करते. त्या पावसाविषयी, नातवाविषयी बोलतात. एडमंटनमधल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करतात. एकाची सोडून.