बसूअण्णांचा ड्रॅगन

ड्रॅगनशी कसं लढायचं याबद्दल बसूअण्णांना सगळं ठाऊक होतं. अडचण एवढीच, की आमच्या खेळात ड्रॅगन कधी यायचाच नाही.

मूळचे कुरुंदवाडचे अण्णा शाहूपुरीत मोटारपंपांचे सुटे भाग विकत. रविवारी दुपारी दुकान बंद असलं की वरच्या माळ्यावर आमचा फाशांचा खेळ रंगे. गोष्ट मी सांगायची, शत्रूही मीच आणायचे; बाकीच्यांनी फासे टाकून आपापला कागदावरचा योद्धा लढवायचा. योद्ध्याला शत्रूची एकेक जात शिकता येई. जी शिकली, तिच्यावर वार जड बसे. शहाणी माणसं लांडगे, भुतं, दरोडेखोर असं थोडंथोडं सगळं शिकली. अण्णांनी सगळी अक्कल ड्रॅगनवर खर्च केली, त्यामुळे त्यांच्या योद्ध्याला उंदीरसुद्धा लोळवत.

"उंदीर काय आपली जोड हाय व्हय?" ते म्हणत. जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेला माणूस; तोलामोलाची जोड नसेल तर ती लढत त्यांच्या हिशेबी धरायचीच नाही. उंदरांनी पाडल्यावर, पडल्या जागेवरून ते आम्हाला ऐकवत, "गळा फुगला की आग येणार. तवा मागं सरायचं न्हाय, पोटाखाली शिरायचं." उंदीर आग ओकत नाहीत हे त्यांना सांगण्याची आमची प्राज्ञा नव्हती.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं त्यांना कायमचं बेळगावला बोलावलं. शेवटच्या रविवारी माझ्या उदार अंतःकरणाला पाझर फुटला. मी ड्रॅगन आणला, आणि अण्णांनी जिंकूनच जावं म्हणून गुपचूप त्याची ताकद निम्मी केली.

अण्णांनी फासे उचललेच नाहीत. आधी चौकशी केली: गळा किती फुगतोय, आग कुठवर पोचतेय, शेपूट उचलतोय का. मी सांगत गेलो आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

"ह्यो अर्धमेला हाय," ते म्हणाले. "तूच केलास न्हवं?"

मी कबूल केलं.

"जाताना हलकी जोड लावतोस व्हय लेका? धडधाकट आण."

आणला. अण्णांचा योद्धा पोटाखाली शिरला, त्यानं एक जबरदस्त वार केला आणि पुढच्याच फेरीत योद्ध्याचाच कोळसा झाला. एका कागदी योद्ध्यासाठी माझे डोळे भरून आले, याची मला अजून लाज वाटते.

अण्णा मात्र गुडघे चोळत समाधानानं हसत होते.

"मेलो," ते म्हणाले, "खरं बरोबरीच्याकडनं मेलो."