चहाला नावं न ठेवणारा पेशंट

“चहा छान झालाय, सिस्टर. आभारी आहे,” वसंतराव म्हणाले आणि मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे वळले.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. वसंतरावांची हयात कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवण्यात गेलेली. प्रोस्टेटचं ऑपरेशन झाल्यापासून ते आमच्या चहाला रोज नावं ठेवत. आम्हीही ऐकून घ्यायचो, कारण चहा खरंच भिकार असतो. असा माणूस एकाएकी गोड बोलतो?

थर्मामीटर लावला. ताप नव्हता. पण म्हातारपणी इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही. इन्फेक्शन सगळ्या शरीराला भोवू लागलं की त्याला सेप्सिस म्हणतात. त्यात कधीकधी माणसाचं वागणंच आधी बदलतं. उपचाराला उशीर झाला तर माणूस हातचा जातो.

शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मी विचारलं, “काकू, हे घरी असे बोलतात?”

“छे हो. लग्न झाल्यापासून माझ्या चहाला कधी छान म्हटलं नाही. आज मलासुद्धा ‘आपण बसा’ म्हणाले.”

मी घड्याळ धरून श्वास मोजले. वाढले होते. बीपी उतरलं होतं. डॉक्टरांना फोन लावला.

“सिस्टर, पेशंट गोड बोलतोय ही कम्प्लेंट आहे?” ते हसत म्हणाले.

“हो सर. कसबा पेठेतला पेशंट आहे. शिवाय श्वास वाढलाय, बीपी उतरलंय. आपण येताय ना?”

त्यांचं हसणं थांबलं. लिफ्टची वाट न बघता ते जिन्याने वर आले. जंतू शोधायला रक्त पाठवलं आणि रिपोर्टसाठी न थांबता अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू केलं. ऑपरेशनच्या वेळी घातलेल्या लघवीच्या नळीतून इन्फेक्शन शिरलं होतं, हे नंतर कळलं.

“वाचतील ना हो?” काकू दर थोड्या वेळाने विचारत होत्या. मी “वेळेत धरलंय” एवढंच म्हणायचे. मनातून घाबरलेच होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वसंतरावांनी कप ओठाला लावला आणि खाली ठेवला.

“सिस्टर, हा चहा आहे की कप विसळलेलं पाणी?”

काकूंना रडू फुटलं. मला तर वॉर्डात नाचावंसं वाटलं.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक नातेवाइकाला रोज विचारतो, “आज हे नेहमीसारखे वाटतात का?” उत्तर ‘नाही’ आलं की आधी पेशंट तपासायचा, शंका नंतर काढायच्या.

चहा अजून तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, राहू दे, तपासणीला उपयोगी पडतो.