दोर हातातनं घे

इंद्याचा डोळा लागतोय. म्हणजे अजून नीट लागलेला नाही. शाळेच्या आवारातल्या चिंचेखाली तो आडवा झालाय, डोक्याखाली दोराचं वेटोळं आणि वेटोळ्यावर घामेजलेला टॉवेल. रविवार आहे, शाळा रिकामी. डबे खाऊन झालेत. टेम्पोपाशी शहाजी झाडं कापायचं मशीन उघडून बसलाय, फिल्टरमधला भुसा तोंडानं फुंकतोय. फुर्र. फुर्र. सकाळपासून मशीन चालू होतंय आणि फांदीला टेकवलं की मरतंय.

"तू पड जरा," शहाजी म्हणालाय. "हे जमलं की मीच चढतो. ती वाळकी फांदी कौलांवर पडायच्या आत काढू."

चढणार म्हणजे याच दोरावर. दुसरा आहेच कुठं.

फुर्र. मग फुर्र लांब जातं.

"मेल्या, दोराची उशी करतात व्हय?"

इंद्या वर बघतो. चिंचेच्या पहिल्या बेचक्यात जालूदा बसलाय. जालिंदर, शहाजीचा थोरला भाऊ. अडीच महिन्यांमागं रस्त्याकडंचा वड छाटताना दोर तुटून पडला, जागेवर गेला. हे इंद्याला झोपेतही ठाऊक आहे. पण जालूदाचा एक पाय खाली लोंबतोय, टाचेला नेहमीची भेग आहे, भेगेत मेण भरलंय. मेलेल्या माणसाच्या टाचेत मेण कोण भरेल?

"जालूदा, तू..."

"माझं ऱ्हाऊ दे. मशीनला काय झालं?"

"बंद पडतंय सारखं."

"कार्बोरेटर उघडला असशील. तुला ताप आला तरी तू कार्बोरेटरच उघडशील."

इंद्याला हसू येतं. हसता हसता मान वळवतो तर खाली माती नाही, गॅरेजचा बाक आहे. खिडकीबाहेर रस्ता नाही, नुसते झाडांचे शेंडे. बाकावर मशीन उलटं पडलंय आणि जालूदा चेनच्या एकेका दातावर कानस फिरवतोय. कानशीचा आवाज मात्र येत नाही.

"प्लग बघितला?"

"बघितला."

"पेट्रोलात ऑइल घातलं?"

"घातलं."

"दोर हातातनं घेतला?"

इंद्या प्लग पुसायला लागतो.

हा जालूदाचा रोजचा नेम. कुणी चढायच्या आधी खालच्या माणसानं डोळे मिटून अख्खा दोर मुठीतनं ओढून घ्यायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चहासुद्धा त्याच्यानंतर. त्या दिवशी मशीन चालू होईना म्हणून इंद्या घामाघूम होऊन स्टार्टर ओढत बसलेला. जालूदानं वडाच्या बुंध्याला हात लावून विचारलं, घेतला का? आणि इंद्या मान वर न करता बोलून गेला, घेतला.

"घेतला," तो आत्ताही तेच म्हणतो.

"बरं," जालूदा म्हणतो. त्या दिवशी म्हणाला होता तसंच.

बाक लांब होत जातो. बाकाला चाकं आहेत. इंद्या तो ढकलतोय, दोन्ही बाजूला दवाखान्याच्या भिंती, आणि जालूदा वर आडवा पडून अजून चेनचे दातच घासतोय. भिंतीला टेकून मुकादम उभा आहे. "फांदीच्या धारेवर कापला दोर. व्हय ना रं इंद्या?"

"व्हय."

पुढं रतनवहिनी उभ्या, जालूदाची बायको. त्या काही विचारत नाहीत. तरी इंद्या म्हणतो, "व्हय."

"लई व्हय म्हणायला लागलास," जालूदा पडल्या पडल्या बोलतो.

"जालूदा, मला तुला एक सांगायचंय."

"मला नको सांगू. मी आता काय करू त्याचं? पेटी उघड."

भिंती नाहीत. टेम्पोची पेटी आहे, लोखंडी, पण एवढी मोठी की इंद्याला आत उतरावं लागतं. आत जुनी बॅटरी. टेम्पोचा सेल्फ ऐनवेळी दगा देतो म्हणून जादाची ठेवलेली. तिच्या बुचाशी पांढरी पूड फुलून आलीय, आणि बॅटरीला टेकून दोर.

तो दोर तिथं इंद्यानंच ठेवला. टेम्पोचा मागचा हौदा ओंडक्यांनी भरलेला, जागा कुठंय? जालूदा पडायच्या आदल्या आठवड्यात इंद्याला दोरावर पिवळट, कडक पट्टा दिसला होता. दिवसभर वडच छाटत होते. वडाचा चीक असेल, म्हणून त्यानं नखानं खरवडला आणि सोडून दिला. पुढं सगळं झाल्यावर मुकादम म्हणाला, तुटला तेवढा कापून टाका, बाकीचा चांगलाय. बाकीचा पुन्हा याच पेटीत आला. पुन्हा इंद्यानंच ठेवला. बॅटरी हलवली असती तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

पेटीतला दोर आपोआप वर जायला लागतो. वर कुणीतरी चढतंय. इंद्या डोळे मिटतो, मूठ धरतो. मऊ. मऊ. मऊ. मग एकदम शिळ्या भाकरीच्या काठासारखं काहीतरी मुठीत येतं.

"थांब!"

दोर थांबतो.

"बघ, जमतंय की तुला," जालूदा म्हणतो. अगदी कानापाशी. ओल्या भुशाचा वास येतो.

"मग वर कोण आहे?"

इंद्या डोळे उघडून बघतो. पानांत एक पाय आहे. त्या टाचेला भेग नाही. पायात निळा बूट आहे.

"ऊठ की कुंभकर्णा, दोर सोड."

निळे बूट इंद्याच्या नाकापाशी आहेत. शहाजी डोक्याखालचा दोर ओढतोय, कमरेला पट्टा बांधून तयार. मागं मशीन धडधडतंय. "चालू झालं बघ. तू झोपलास तर गुणी झालं."

इंद्या उठून बसतो. कानामागं चुरचुरतंय. दोराबरोबर टॉवेल वर आलाय आणि त्याच्या आरपार चिंच दिसतेय. चार भोकं. कडा तपकिरी. बोट लावलं तर कापड राखेसारखं चुरतंय. सकाळी आईनं घडी करून दिला तेव्हा धड होता.

"उंदरानं खाल्ला काय रं?" शहाजी हसतो, दोराला हिसका देतो.

इंद्या सोडत नाही.

"शहाजी, थांब. चढू नको."

"का? सपान पडलं?"

"दोर मी बॅटरीपाशी ठेवतो. ॲसिड लागलंय त्याला."

"आयला. कधीपासनं?"

मशीन मागं अडखळतं आणि मरतं. कुणीच तिकडं बघत नाही.

"जालूदा पडला त्याच्या आधीपासनं," इंद्या म्हणतो. "दोरावर पिवळट पट्टा मला दिसला होता. त्या दिवशी मी दोर हातातनं घेतलाच नव्हता. घेतला म्हणालो."

शहाजी मारेल असं इंद्याला वाटतं. मारावं असंही वाटतं. शहाजी मारत नाही. टॉवेलकडं बघतो, मग मातीत बसतो, दोराचं टोक शोधतो आणि डोळे मिटतो. मुठीतनं दोर ओढायला लागतो. एक हात. दोन हात. तीन.

सातव्या हाताला मूठ थांबते.

शहाजी डोळे उघडत नाही.