हात सैल

"हात सैल!" बाई म्हणायच्या आणि माझ्या मनगटावर टिचकी मारायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या घरात येऊन घरच्यांनाच दटावणारी, आणि तरी हवीहवीशी वाटणारी.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही दहिसरला चाळीत राहायचो. आमची पोरगी सातव्या महिन्यातच झाली, दीड महिना इस्पितळात काचेच्या पेटीत होती. अशा मुलांकडून घरी काय काय करून घ्यायचं, ते शिकवायला इस्पितळातून या बाई दर गुरुवारी यायच्या. पायांत कॅनव्हासचे बूट, पिशवीत खुळखुळा आणि लाल लोकरीचा गोंडा. मोरीत कोपरापर्यंत हात धुवायच्या आणि आधी पोरीशी बोलायच्या, आमच्याशी नंतर.

मला कुठला धीर! शेजारचा मुलगा हिच्याच आठवड्यात जन्मलेला, तो केव्हाच बसायला लागला. आमची टेकवली की कलंडायची.

"आठ महिने झाले, बाई!"

"दोन वजा करा. लवकर आली, हा काय तिचा गुन्हा? आणि पाय काय हलवताय, शिलाई मशीन आहे का?"

"पण बसेल ना?"

यावर बाई कधी 'हो' म्हणाल्या नाहीत. माझा जीव तिथेच अडकायचा.

एका गुरुवारी मरोळच्या कारखान्यात दांडी मारली. गणपतीत ज्यात पंचवीस माणसांचा भात व्हायचा तो टोप काढला, गोधडी कोंबली आणि पोरीला आत बसवलं. झकास! एकदम ताठ. आई ओरडली, "मेल्या, चेडवाक टोपात कित्याक बसयलंस?" तेवढ्यात बाई दारात.

"बघा, बसली!" मी म्हणालो.

बाईंनी टोपाभोवती एक फेरी मारली. "टोप छान बसलाय," म्हणाल्या.

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला मात्र रडू फुटलं, सगळ्यांदेखत. "कधीच नाही बसली तर?" आठ महिने कोणालाच विचारलं नव्हतं, ते तोंडून गेलं.

बाई हसल्या नाहीत. "ते मलाही माहीत नाही. पण बसायला शिकायचं तर आधी पडता आलं पाहिजे. टोपात ती पडणार कशी? आता तुम्हीच टोप व्हा."

मला जमिनीवर पाय पसरून बसवलं, मध्ये पोरीला. मी तिला गच्च धरलं. लगेच टिचकी. "हात सैल! कलंडू द्या थोडी. नाही सावरली, तर तुम्ही आहातच."

तेव्हापासून कारखान्यातली पाळी सुटली की चहाच्या आधी मी जमिनीवर. पण हात काही सैल होईनात. दर गुरुवारी मनगट लाल. बाई मात्र हल्ली जिना चढून आल्या की दाराशी दम खात उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "माझं सोडा, हिचं बघा."

मग एका गुरुवारी इस्पितळातून दुसरीच मुलगी आली. बाई सोमवारी गेल्या, म्हणाली. आजारी होत्या, कोणाला कळूच दिलं नव्हतं.

"रविवारी भेटायला गेले होते," ती बिचकत म्हणाली, "तेव्हा म्हणाल्या, दहिसरच्या टोपाला सांग, आता हात काढा."

पोरगी माझ्या पायांतच होती. मी हात काढले. ती डावीकडे कलली, अजून कलली. तिने एक हात जमिनीवर टेकला, डुलली आणि बसली.

"बाई, बसली बघा!" मी दाराकडे बघून ओरडलो.