विठ्ठलरावांचा भागीदार

विठ्ठलराव भागीदार निवडायचे ते त्याच्याशी भांडून. जालन्यात, मस्तगड भागातल्या आपल्या घरी ते माणसाला बोलवायचे, चहा पाजायचे आणि अंगावर येईल असं काहीतरी बोलायचे. पुढे तो काय करतो, ते बघत बसायचे.

निजामाच्या कचेरीत त्यांनी वीस वर्षं उर्दूत लिखापढी केली होती. राज्य बदललं, कारभार मराठीत आला आणि त्यांनी नोकरी सोडून मराठी छापखाना काढायचं ठरवलं. तोवर जालन्यातल्या लग्नपत्रिकासुद्धा औरंगाबादहून छापून यायच्या. त्यांची उमेद दांडगी होती, फक्त त्यांना ऱ्हस्वदीर्घ येत नव्हतं. म्हणून भागीदार हवा होता.

पहिला आला तो एक कापडवाला. यंत्र गच्चीवर बसवू, असं विठ्ठलराव म्हणाले. तो म्हणाला, उत्तम. त्याला चहा संपायच्या आत निरोप मिळाला. दुसरा, एका वकिलाचा कारकून, छान भांडला; पण नंतर आठ दिवस रस्त्यात दिसला की मान फिरवायचा. तोही गेला.

मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायला नवीनच आलो होतो. मलाही गच्चीची योजना ऐकवली गेली. यंत्रासकट गच्ची खाली येईल आणि खालची माणसं मरतील, असं मी म्हणालो. तासभर त्यांनी गच्चीची बाजू लढवली. शेवटी मी चिडून उठून आलो. संध्याकाळी कागदात भजी बांधून ते माझ्या दारात उभे.

"मास्तर, गच्ची कच्चीच हाय. मला ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "आपलं बराबर जमतंय."

छापखाना तळमजल्यावरच सुरू झाला. सकाळी शाळा आणि दुपारनंतर छपाईआधीची मुद्रितं तपासणं, असा माझा क्रम ठरला. पहिलंच मोठं काम आलं ते वडीगोद्रीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेचं. पत्रिका गावी पोचल्यावर उरलेली एक प्रत मी सहज हातात घेतली. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'शुभविवाद'. मुद्रित मीच तपासलं होतं.

विठ्ठलरावांनी टोपी घातली. आम्ही प्रवासी मोटारीने वडीगोद्रीला गेलो. मुलीचे वडील ओट्यावरच बसले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात विठ्ठलराव म्हणाले की चूक त्यांची आहे, मास्तरांनी बजावलं होतं पण त्यांनी ऐकलं नाही. वडिलांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली आणि शांतपणे म्हणाले, "बराबरच छापलंय की. मानपानावरून चार दिस तेच चालू हाय."

तरी आम्ही ओट्यावर बसून वाटायच्या राहिलेल्या पत्रिकांवर दौत-टाकाने 'द'चा 'ह' केला. परतताना मात्र मोटार सुटल्यापासून जालना येईपर्यंत विठ्ठलराव मला बोलत होते. लोक ऐकताहेत, असं मी कुजबुजलो.

"ऐकू द्या. हे गिऱ्हाईक न्हाईत," ते म्हणाले.

चारेक वर्षांनी माझी अंबडला बदली झाली. सरकारी नोकरी सोडायचा धीर मला झाला नाही. विठ्ठलरावांनी एका शब्दानेही अडवलं नाही. नवा भागीदार शोधला. दिवाळीला गेलो, तर छापखाना टापटीप, भागीदार गोड बोलणारा, काम वेळेवर. मला जरा वाईटच वाटलं.

विठ्ठलराव मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, "माणूस लाख हाय, मास्तर. पण म्या चुकलो तरी हो म्हणतो. मंग म्या बोलून राह्यलो ते खरं का खोटं, मलाच कळंना."

अंबडला परतल्यावर तीन दिवस विचार केला, राजीनामा लिहिला आणि तो आधी जालन्याला आणून त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन चुका काढल्या. त्यांतली एक चूक नव्हतीच. त्यावरून आमचं दिवेलागणीपर्यंत चाललं.