अडगळीला दमडी न देणारे नाना

सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साठतात. एक अडगळ, दुसरे किस्से. अडगळ निदान माळ्यावर तरी ढकलता येते, किस्से कुठे ढकलणार? म्हणून आमची जुनी मंडळी भेटली की चहा येईपर्यंतही कोणाला दम निघत नाही. कोणीतरी म्हणतंच, "नानांचं ते आठवतं का?"

नाना म्हणजे आमच्या जळगावच्या ऑफिसातले हेडक्लार्क आणि क्वार्टरमध्ये माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. घरात एक पगार आणि तीन मुली. दोघींची लग्नं उरकली होती, धाकटी शोभा राहिली होती. त्यामुळे नाना पैसा हातून सुटू द्यायचे नाहीत. त्यातही एका खर्चाचा त्यांना मनापासून राग!

"वस्तू घेताना पैसे दिले ना, भाऊ? मग टाकायलाही पैसे द्यायचे? मला काय येडं समजले का?"

हमाल असो, हातगाडीवाला असो, अडगळ उचलायला नानांनी कोणालाही कधी दमडी दिली नाही. आम्ही हसायचो, आणि हसता हसता शिकून घ्यायचो.

*

एकदा त्यांच्या दिवाणाला वाळवी लागली. भंगारवाला म्हणाला, लोखंड असेल तर बोला. हातगाडीवाला म्हणाला, नेतो, पण मजुरी पडेल.

नानांनी दोघांना हाकललं. होळी जवळ आली तसा दिवाण ओट्याखाली आणून ठेवला आणि स्वतः खुर्ची टाकून राखण बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना दम देत होते, "खबरदार! याला हात लावाल तर तंगडं मोडीन एकेकाचं!"

मी त्याच पोरांना माझं मोडकं स्टूल प्रेमाने देऊ केलं होतं. "नको काका," म्हणाली. मागून आणलेल्या लाकडात कसली आलीय मजा? होळीचं लाकूड पळवूनच आणायचं असतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाण गायब. नानांनी रस्त्यात उभं राहून अशा काही शिव्या घातल्या की अख्खी कॉलनी गोळा झाली. मनसोक्त ओरडून झाल्यावर घरात गेले आणि बायकोला म्हणाले, "अगं, शिरा टाक!"

माझं स्टूल पुढे दोन वर्षं माझ्याकडेच होतं.

*

लग्नसराईत वऱ्हाडी उतरवायचे म्हणजे शेजारपाजारच्या खाटा गोळा करायच्या, ही आमच्याकडची रीतच. समोरच्या पाटीलभाऊंकडे मुलीचं लग्न निघालं. नानांनी आपणहून लाकडी खाट काढून दिली. तिचा एक पाय तुटका होता, खाली वीट लावलेली.

"न्या हो, भाऊ. परत करायची अजिबात घाई नाही," नाना म्हणाले.

पाटीलभाऊंचे डोळे भरून आले. इतकं मोठं मन!

खाट नेमकी नवरदेवाच्या मामांच्या वाट्याला आली. मामा बसले, वीट सरकली, मामा खाली! मामा रुसले म्हणजे मांडवात काय होतं हे सांगायला नको. पाटीलभाऊंनी हातापाया पडून समजूत काढली, सुताराकडून खाटेला नवा पाय बसवून घेतला, वरून हिरवा रंग मारून घेतला आणि लग्न झाल्यावर नारळासकट नानांच्या दारात आणून ठेवली.

नाना क्षणभर खाटेकडे बघतच राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न कधी आहे हो? आपलं टेबल फार डुगडुगतंय!"

*

सगळेच डाव लागले असं नाही बरं का. एका जुन्या गादीने नानांचा घामटा काढला. कापूस इतका गोळा झालेला की पिंजाऱ्यानेही हात जोडले. नानांनी ती असोद्याच्या बसच्या टपावर चढवली आणि असोद्याला उतरताना सोयीस्कर 'विसरले'.

संध्याकाळी कंडक्टर गादी डोक्यावर घेऊन दारात हजर! "नाना, तुमची गादी राहिली होती! बरं झालं मी तुम्हाला ओळखत होतो."

या प्रामाणिकपणापुढे काय करणार? नानांना त्याला चहा पाजावा लागला. वर पोहे.

पण हार मानतील ते नाना कसले! पुढच्या आठवड्यात दिल्लीला जाणारा केळीचा ट्रक भरताना दिसला. ड्रायव्हर घडांखाली पाला अंथरत होता. पाला कमी पडला आणि नाना घराकडे पळाले. ड्रायव्हरने गादी अंथरली, दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि जाताना केळीचा एक घड नानांच्या हातात दिला.

नाना स्वतः भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. त्यांची गादी थेट दिल्लीत स्थायिक झाली!

*

आता कपाटाचं सांगतो.

नाना रिटायर झाले. शोभाचं लग्न आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचं, ठरलेलं. फंडाचे पैसे आले तरच ते लागणार. फंड निघायला दाखला हवा, आणि क्वार्टर पूर्ण रिकामं केल्याशिवाय दाखला नाही. सगळं सामान बांधून झालं. राहिलं एक कपाट.

कपाट कसलं, हत्तीच तो! अक्कांच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, माहेरून सागवान आलं होतं. सुताराने समोरच्या खोलीत बसूनच ते ठोकलेलं. बनवताना दाराचा विचार ना सुताराने केला, ना नानांनी. ते आता कुठल्याच दारातून बाहेर निघेना. सुतार म्हणाला, करवतीने कापावं लागेल, चार माणसं लागतील. मजुरीचा आकडा ऐकून नाना खाली बसले. त्यात अक्का कपाटापुढे उभ्या राहिल्या.

"हाई मन्हा माहेरनं लाकूड शे! करवत लावशात ते पहिले मन्हावर चालाडा!"

नानांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. मला म्हणाले, "भाऊ, पोरीचं लग्न या कपाटात अडकलं हो." मला खरंच वाईट वाटलं. मी पैसे देऊ का विचारलं, तर म्हणाले, "पैशाचं काय नाही. हिला रडवून कसं जाऊ?"

आखाजी तोंडावर आली आणि ताबा घ्यायला इंजिनिअर साहेब आले. त्यांचीच धुळ्याहून बदली झाली होती आणि तेच क्वार्टर त्यांना मिळालं होतं. सोबत बाईसाहेब, मागे सामानाचा ट्रक. साहेबांनी आत पाय टाकला आणि म्हणाले, "हे कपाट काढा. त्याशिवाय मला सही करता येणार नाही."

अक्का आत गेल्या. हळदीकुंकू घेऊन आल्या, कपाटाला लावलं, पदराने त्याची कडी पुसली आणि ढसाढसा रडल्या. संसारभर जपलेली वस्तू होती, रडू येणारच.

बाईसाहेबांच्याही डोळ्यांत पाणी. त्यांनी अक्कांचा हात धरला. "अक्का, ऱ्हाऊ द्या आठेच. मी सांभाळसू!"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं आणि पेन काढलं.

"नको हो, साहेब," नाना म्हणाले, "माझी माणसं ठरलीत न्यायला!"

"नाना, राहू द्या म्हणतो ना मी!" साहेबांनी सही ठोकली. वर म्हणाले, "आमचा ट्रक रिकामाच धुळ्याला परत चाललाय. तुमचं गाव रस्त्यावरच ना? टाका सामान त्यात."

आम्ही सगळ्यांनी मिळून सामान चढवलं. अक्का आणि शोभा ड्रायव्हरशेजारी बसल्या, नाना मागे गाठोड्यांवर. दाखला खिशात. ट्रक सुरू झाला, अक्कांनी हात हलवला, माझ्या बायकोने डोळे पुसले.

तेवढ्यात आतून साहेब पळत बाहेर आले. बाईसाहेबांना कपाट आतल्या खोलीत हवं होतं. साहेबांच्या हातात टेप लोंबत होता.

"नाना! ओ नाना! अहो, हे कपाट आत आणलं कसं?"

नाना गाठोड्यांवर उभे राहिले, एका हाताने टोपी धरली आणि ओरडले,

"साहेब, तुम्ही रिटायर झाले की सांगतो!"