तपासणीच्या दिवशी मशीन चालू पाहिजे

परदेशात माल विकायला सरकारनं ज्या उद्योगांना मदत केली, त्यांची तपासणी करणाऱ्या पथकात मी सहा वर्षं शेरे लिहायचो. चहाला बसलं की तिथले किस्से एकामागून एक निघतात. मित्र पोट धरून हसतात. मला मात्र अजून संताप येतो.

* * *

मदतीचा फलक दर्शनी भागात हवा, असा नियम. केजला एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं फळांचा गर काढायचं युनिट होतं. फलक एवढा मोठा की मागचं शेड झाकून जावं. आत फक्त कडबा रचलेला.

"मशीन कुठंय?" आमच्या पथकाच्या साहेबांनी विचारलं.

"अजून घ्यायचीय साहेब. फलक तर झालाय."

साहेबांनी फलकाचा फोटो काढून 'समाधानकारक' लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

* * *

शिरूर कासारला बायकांच्या गटाचा मसाला उद्योग. तपासणीला कामगार हजर हवेत, असा नियम. आणि आम्ही कधी जावं? तर ऐन ऊसतोडीत! शेडला कुलूप. शेजारी शेळ्या राखणारी आजी म्हणाली, "समद्या उसाला गेल्यात. तुमी आत्ता कशापायी आलात?"

तारीख आमचीच होती. तरी शेरा पडला: कामगार गैरहजर.

* * *

धारूरच्या शोभाताई सीताफळाचा गर काढून परदेशी पाठवायच्या. आम्ही गेलो मे महिन्यात. मशीन लख्ख पुसलेली, तिच्यावर ताईंनी पूजेला उमटवलेली कुंकवाची पाच बोटं.

"चालू करा," साहेब म्हणाले.

"काय घालू हिच्यात? सीताफळ दिवाळीच्या अंगाला येतंय."

"नियमात महिना दिलेला नाही."

मदतीतली मशीन बंद दिसली तर ती काढून दुसऱ्या पात्र उद्योगाला द्यायची, असाही नियम होता. ताई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दादा, पंधरा बायांचं पोट हाय हिच्यावर. तुमी तरी सांगा की."

मी 'मशीन बंद' लिहिलं. लाज वाटली, पण लिहिलं.

* * *

दोन महिन्यांनी पुन्हा केज. मेव्हण्याच्या शेडात या खेपेला मशीन धडधडत होती. पपई घातली होती. साहेब लई खूश. मी जवळ गेलो. मशीनवर कुंकवाची पाच बोटं होती, जरा पुसट झालेली.

"लिहा, मशीन चालू," साहेब म्हणाले. "आणि एक फोटो काढून धारूरच्या त्या बाईंना पाठवा. मशीन कशी चालवतात, ते कळू द्या."